टी-कोशिकांचा विकास व रक्तार्बुद

टी-कोशिकांचा विकास व रक्तार्बुद : रक्तातील श्वेत कोशिकांपैकी ज्या लसीका कोशिकांचा उगम अस्थिमज्जेत होतो, परंतु ज्यांची घडण उरोस्थीच्या मागे असलेल्या थायमस म्हणजेच यौवनलोपी ग्रंथीत पूर्ण होते, त्यांना टी-कोशिका म्हणतात. व्हायरसाने ग्रासलेल्या कोशिकांचा नाश करणे, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-कोशिकांना मदत करणे आणि परकी ऊतके ओळखणे ही त्यांची मुख्य कार्ये होत. ही घडण पूर्ण होण्यापूर्वीच एखादी कोशिका वाढीच्या एका टप्प्यावर अडकून पडली व अनिर्बंधपणे विभागू लागली, म्हणजे टी-कोशिकांचे तीव्र रक्तार्बुद (ल्युकेमिया) उद्‌भवते. लहान मुलांतील तीव्र लसीका कोशिकीय रक्तार्बुदाच्या रुग्णांपैकी सु. १० ते १५ टक्के व प्रौढांपैकी सु. २५ टक्के रुग्णांत रोग या प्रकारचा असतो. मुलींपेक्षा मुलग्यांत, विशेषतः किशोरवयीन मुलग्यांत, तो अधिक आढळतो. पुष्कळदा यौवनलोपी ग्रंथीच्या जागी मोठी गाठ होऊन श्वासनलिकेवर दाब पडतो.

सामान्य घडण व रोग या दोन्ही विषयांचे संशोधन प्रारंभापासून एकमेकांत गुंतलेले आहे. यौवनलोपी ग्रंथीचे कार्य रक्तार्बुदाच्या प्रयोगांतून उलगडले. टी-कोशिका ज्या रेणवीय साधनांनी घडते, त्याच साधनांच्या चुकीतून तिचे रक्तार्बुद होते, हे पुढे स्पष्ट झाले. या ज्ञानातून उपचारही निघाले आणि एका प्रसंगी ते अपुरे असल्याची किंमत रुग्णांना द्यावी लागली.

प्रारंभिक कल्पना : रक्तार्बुदाची स्वतंत्र रोग म्हणून पहिली वर्णने १८४५ मध्ये एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट यांनी व बर्लिन येथे रूडोल्फ फिरखो यांनी केली. रक्तात श्वेत कोशिकांचे प्रमाण बेसुमार वाढते, यावरून फिरखो यांनी १८४७ मध्ये या रोगास ‘ल्युकेमिया’ हे नाव दिले. या कोशिका कोठून येतात व का वाढतात, हे मात्र त्यानंतर शंभर वर्षे अज्ञात राहिले.

यौवनलोपी ग्रंथीचे कार्यही असेच अज्ञात होते. ही ग्रंथी बालपणी मोठी असते व तारुण्यात पदार्पण केल्यानंतर क्रमाने लहान होत जाते. अशा अवयवाला प्रौढ जीवनात महत्त्वाचे काम नसावे, अशी समजूत होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर निरोगी अर्भकांतील मोठी यौवनलोपी ग्रंथी हाच विकार मानून ती लहान करण्यासाठी क्ष-किरण देण्याची पद्धत काही देशांत रूढ होती. अशा मुलांपैकी काहींना पुढे अवटू ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे दिसून आले.

उंदरांतील रक्तार्बुद व मिलर यांचे प्रयोग : जेकब फर्थ व त्यांचे सहकारी यांनी १९४४ मध्ये असे दाखविले की, ज्या वंशाच्या उंदरांना रक्तार्बुद हमखास होते, त्यांची यौवनलोपी ग्रंथी वेळीच काढून टाकल्यास बहुतेकांना तो रोग होत नाही. १९५१ मध्ये न्यूयॉर्क येथील लूडविक ग्रॉस यांनी रोगी उंदरांच्या ऊतकांचा कोशिकारहित अर्क नवजात उंदरांना टोचून रक्तार्बुद उत्पन्न केले. यावरून हा रोग व्हायरसामुळे होतो असा निष्कर्ष निघाला. प्रारंभी त्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही.

लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत काम करणारे जे. एफ. ए. पी. मिलर या व्हायरसाचा यौवनलोपी ग्रंथीशी काय संबंध आहे, याचा शोध घेत होते. व्हायरस टोचल्यानंतर ग्रंथी काढली तर रोग टळतो आणि काही महिन्यांनी दुसऱ्या उंदराची ग्रंथी बसविली तर तो पुन्हा उद्‌भवतो, असे त्यांना आढळले. व्हायरसाला वाढण्यासाठी प्रथम हीच ग्रंथी लागते काय, हे पाहण्यासाठी त्यांनी उंदरांची ग्रंथी जन्मल्याबरोबर काढली. तेव्हा अनपेक्षित गोष्ट घडली. व्हायरस न टोचलेले उंदीरही काही आठवड्यांनी खंगू लागले. त्यांच्या रक्तात व लसीका ऊतकांत लसीका कोशिका फार थोड्या होत्या, संसर्गाला ते सहज बळी पडत आणि परक्या उंदराची त्वचा त्यांच्या शरीरावर बसविल्यास ती झिडकारली जात नसे. १९६१ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात मिलर यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रतिरक्षेसाठी आवश्यक असलेल्या लसीका कोशिकांची घडण जन्माच्या सुमारास यौवनलोपी ग्रंथीत होते, असे त्यांनी प्रतिपादिले. अमेरिकेत रॉबर्ट गुड व त्यांच्या सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे त्याच दिशेचे पुरावे मिळविले. तरीही, या ग्रंथीतील बहुसंख्य कोशिका तेथेच मरतात हे माहीत असल्याने काही नामवंत प्रतिरक्षावैज्ञानिकांना हे मत अनेक वर्षे पटले नाही.

१९६५ मध्ये मॅक्स कूपर व गुड यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांवरून लसीका कोशिकांचे दोन वेगळे वंश असल्याचे दाखविले. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ग्रॅहॅम मिचेल व मिलर यांनी सस्तन प्राण्यांत यौवनलोपी ग्रंथीतून आलेल्या व अस्थिमज्जेतून आलेल्या लसीका कोशिका परस्परांच्या साहाय्याने प्रतिपिंडे निर्माण करवितात, हे सिद्ध केले. त्यानंतर लवकरच या दोन प्रकारांसाठी ‘टी’ व ‘बी’ ही नावे रूढ झाली.

रोगी कोशिकांची ओळख : ही विभागणी मान्य झाल्यावर रक्तार्बुदाच्या कोशिका कोणत्या वंशाच्या आहेत, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. मानवी टी-कोशिकांभोवती मेंढीच्या तांबड्या कोशिका चिकटून फुलासारखी रचना होते, या गुणधर्माचा उपयोग करून काही मुलांतील रक्तार्बुद टी-वंशाचे असल्याचे १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी दिसून आले. १९७३ मध्ये डेव्हिड बॉल्टिमोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मुलाच्या रक्तार्बुद कोशिकांत असे एंझाइम शोधून काढले की, जे सामान्यतः यौवनलोपी ग्रंथीतच विपुल असते. डीएनए साखळीच्या टोकाला नमुन्याशिवाय नवे घटक जोडणे हे त्याचे कार्य होय. या एंझाइमाचा टी-कोशिकेला काय उपयोग, हे त्या वेळी ठाऊक नव्हते.

१९७५ मध्ये गेओर्ग कोलर व सेझार मिलस्टीन यांनी एका विशिष्ट प्रतिजनालाच चिकटणारी एकजात प्रतिपिंडे तयार करण्याची पद्धत शोधली. तिच्या साहाय्याने एलिस राइनहर्झ व स्ट्यूअर्ट श्लॉसमन यांनी १९८० मध्ये बॉस्टन येथे मानवी टी-कोशिकांच्या वाढीचे क्रमवार टप्पे निश्चित केले. त्यांनी सामान्य ग्रंथीतील कोशिका व रक्तार्बुद कोशिका यांची शेजारी शेजारी तुलना केली. प्रत्येक रुग्णाच्या रोगी कोशिका सामान्य वाढीच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्याशी जुळतात, असे त्यांना आढळले. म्हणजे रक्तार्बुद कोशिका ही सर्वस्वी विचित्र कोशिका नसून, अर्ध्या वाटेवर थांबलेली टी-कोशिका आहे, हे स्पष्ट झाले.

जीनांची पुनर्रचना : शरीरात येऊ शकणाऱ्या असंख्य प्रतिजनांपैकी प्रत्येकाला ओळखणारी टी-कोशिका मर्यादित जीनांतून कशी तयार होते, हा पुढचा प्रश्न होता. प्रतिपिंडांच्या बाबतीत त्याचे उत्तर सुसुमू टोनेगावा यांनी १९७६ मध्ये बाझेल येथे दिले. प्रतिपिंडाचा जीन गर्भावस्थेत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला असतो व बी-कोशिका वाढताना ते तुकडे कापून निरनिराळ्या प्रकारे जोडले जातात, असे त्यांनी सिद्ध केले. या कार्याबद्दल त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टी-कोशिकेच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाचा जीन १९८४ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे हाती आला. अमेरिकेत स्टीव्हन हेड्रिक व मार्क डेव्हिस यांनी तो उंदराच्या टी-कोशिकांतून मिळविला, तर टोराँटो येथे टॅक माक व सहकाऱ्यांनी मानवी जीन एका रक्तार्बुद रुग्णापासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या कोशिकांतून वेगळा केला. या ग्राहीचा जीनही तुकडे जोडूनच बनतो, असे दिसले. डीएनए कापणाऱ्या प्रथिनांचे ‘रॅग-१’ व ‘रॅग-२’ हे जीन १९८९–९० मध्ये डेव्हिड शॅट्झ, मार्जोरी ओटिंजर व बॉल्टिमोर यांनी शोधले. १९७३ मध्ये रक्तार्बुद कोशिकांत सापडलेले एंझाइम तुकड्यांच्या सांध्यांत नवे घटक घालून ग्राहींची विविधता वाढविते, हेही उमगले.

असे जोडकाम यशस्वी झाले तरच कोशिका पुढे जाते. निरुपयोगी ग्राही असलेल्या कोशिका उपेक्षेने मरतात व स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू शकतील अशा बहुतेक कोशिका नष्ट केल्या जातात. ग्रंथीत शिरकाव करून वाढलेल्या कोशिकांपैकी फार थोड्या बाहेर पडतात. तेथे दिसणाऱ्या मोठ्या मृत्युसंख्येचे कारण हे होते. ज्या गोष्टीवरून ही ग्रंथी निरर्थक ठरविली गेली, ती तिच्या कार्याचाच भाग निघाली.

गुणसूत्रांतील चुकीचे सांधे : स्वतःचे डीएनए कापणे व जोडणे यात धोका असतो. टी-कोशिकांच्या रक्तार्बुदात एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडला गेल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत असे. असे तुटलेले भाग पुष्कळदा १४ व्या व ७ व्या गुणसूत्रांवरील विशिष्ट जागी असत. टी-कोशिकेच्या ग्राहीचे जीन नेमके त्याच जागी आहेत, हे १९८० नंतरच्या दशकात कळले. जोडकाम करताना झालेल्या चुकीमुळे दुसराच एखादा जीन ग्राही-जीनाच्या नियंत्रणाखाली येतो व अवेळी कार्यरत राहतो. अशा सांध्यांचा मागोवा घेत केंब्रिज येथे टेरेन्स रॅबिट्स व सहकाऱ्यांनी ११ व्या गुणसूत्रावरील ‘एलएमओ-२’ हा जीन शोधला. ‘टीएएल-१’ हा १ ल्या गुणसूत्रावरील जीनही याच मार्गाने मिळाला. पुष्कळ रुग्णांत या जीनाजवळचा सु. ९० हजार घटकांचा लहानसा तुकडाच नाहीसा झालेला असतो व त्याच्या कडांवर रॅग प्रथिनांनी कापल्याच्या खुणा दिसतात.

हे दोन्ही जीन रक्ताच्या मूल कोशिकांत आवश्यक असतात. पण टी-कोशिकेची घडण पुढे सरकू लागली की ते बंद व्हावे लागतात. ‘एलएमओ-२’ बंद झाला नाही तर काय होते, हे मॅथ्यू मॅककॉर्मॅक व सहकारी यांनी २०१० मध्ये उंदरांत दाखविले. अशा कोशिकांना मूल कोशिकांप्रमाणे स्वतःच्या प्रती अखंड निर्माण करण्याची क्षमता येते व त्यांतूनच काही काळाने रक्तार्बुद होते.

नॉच जीन : या इतिहासातील एक महत्त्वाचा धागा फळमाशीपासून निघतो. टी. एच. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पंखांच्या कडेला खाच असलेल्या माश्या आढळल्या. खाचेवरून त्या जीनाला ‘नॉच’ असे इंग्रजी नाव पडले. १९८० नंतरच्या दशकात हा जीन वेगळा करण्यात आला. त्याचे प्रथिन कोशिकेच्या पृष्ठभागावर असते. शेजारच्या कोशिकेच्या स्पर्शाने ते चिरले जाते आणि त्याचा आतील भाग केंद्रकात जाऊन इतर जीनांना चालना देतो.

१९९१ मध्ये जेफ्री स्क्लार व सहकाऱ्यांनी टी-कोशिकांच्या रक्तार्बुदातील ७ व्या व ९ व्या गुणसूत्रांचा एक विरळ सांधा तपासला. तेव्हा फळमाशीच्या नॉच जीनाचे मानवी रूप तुटून ग्राही-जीनाला जोडले गेल्याचे दिसले. हा सांधा एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत असल्याने त्याचे महत्त्व मर्यादित वाटत होते. मात्र १९९९ मध्ये फ्रेडी राड्टके व सहकाऱ्यांनी उंदरांतील हा जीन निकामी केला, तेव्हा यौवनलोपी ग्रंथीत टी-कोशिका तयारच झाल्या नाहीत. त्यांच्या जागी बी-कोशिका वाढू लागल्या. उलट, वॉरन पिअर व सहकाऱ्यांनी तो अस्थिमज्जेत सतत कार्यरत ठेवला, तेव्हा टी-कोशिका अस्थिमज्जेतच होऊ लागल्या. ग्रंथीत आलेल्या कोशिकेने टी-वंशाचा मार्ग धरावा, हा आदेश नॉचद्वारे मिळतो, हे यावरून सिद्ध झाले. २००४ मध्ये जॉन ॲस्टर व सहकाऱ्यांनी या रक्तार्बुदाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉच-१ जीनातच लहान उत्परिवर्तने असल्याचे प्रसिद्ध केले. त्यांमुळे स्पर्शाशिवायही आदेश मिळत राहतो किंवा मिळालेला आदेश वेळेवर थांबत नाही. जो संदेश टी-कोशिका घडवितो, तोच न थांबल्यास तिला रोगी करतो. त्यापूर्वी विरळ सांध्याच्या अभ्यासातून सापडलेला जीन या रोगाचे सर्वांत सामान्य कारण ठरला.

प्रौढांतील वेगळा रोग : जपानच्या नैर्ऋत्य भागातील प्रौढांत आढळणारे एक टी-रक्तार्बुद १९७७ मध्ये कियोशी ताकात्सुकी व सहकाऱ्यांनी वर्णिले. ते ग्रंथीतील अपक्व कोशिकांचे नसून परिपक्व टी-कोशिकांचे असते. अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने १९८० मध्ये व जपानमध्ये योरिओ हिनुमा यांच्या गटाने १९८१ मध्ये वर्णिलेल्या ‘एचटीएलव्ही-१’ या व्हायरसामुळे ते होते. मानवात रोगकारक ठरलेला हा पहिला रेट्रोव्हायरस होय.

जीनोपचारातील दुर्घटना : काही मुलगे जन्मतः एका सदोष जीनामुळे टी-कोशिकांशिवाय जन्माला येतात व उपचारांअभावी बहुधा पहिल्या एकदोन वर्षांतच संसर्गाने दगावतात. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात ॲलँ फिशर व मारिना काव्हाझ्झाना यांनी १९९९ पासून अशा मुलांच्या अस्थिमज्जेतील कोशिकांत निर्दोष जीन घालून त्या परत देण्याचा उपचार सुरू केला. जीन वाहून नेण्यासाठी उंदरांतील रक्तार्बुदाचा, मोलोनी यांच्या नावाने ओळखला जाणारा व्हायरस निर्धोक करून वापरण्यात आला होता. मुलांमध्ये टी-कोशिका तयार झाल्या आणि निर्जंतुक खोलीत बंदिस्त असलेली मुले घरी जाऊ लागली. जीनोपचाराचे ते पहिले निःसंशय यश मानले गेले.

तथापि २००२ मध्ये व २००३ च्या प्रारंभी त्यांपैकी दोन मुलांना टी-कोशिकांचे रक्तार्बुद झाल्याचे जाहीर झाले. दोघांच्याही रोगी कोशिकांत वाहक व्हायरस ‘एलएमओ-२’ जीनाजवळ शिरून त्याला कार्यरत करीत होता. गुणसूत्रांच्या चुकीच्या सांध्यातून जी गोष्ट निसर्गतः घडत असे, ती येथे उपचारातून घडली होती. अखेर पॅरिसमध्ये उपचार यशस्वी झालेल्या नऊ मुलांपैकी चौघांना हा रोग झाला व त्यांपैकी एकाचा मृत्यू ओढवला. लंडन येथे अशाच उपचारानंतर दहांपैकी एका मुलाला तो झाला. त्याच्या कोशिकांत ‘एलएमओ-२’ कार्यरत झाला होता व नॉच-१ मध्ये उत्परिवर्तनही आढळले. रोग झालेल्या पाच मुलांपैकी चौघे रासायनिक उपचारांनी बरे झाले. हा जीन रक्तार्बुद घडवितो हे आधीपासून माहीत होते; वाहक व्हायरस त्याच्या शेजारी जाऊन बसेल याची शक्यता मात्र फार कमी मानली गेली होती. त्यानंतर शेजारच्या जीनांना चालना देणारा भाग काढून टाकलेले वाहक तयार करण्यात आले. त्यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तोपर्यंत एकाही मुलाला रक्तार्बुद झाले नव्हते.

उपचार : १९४८ पर्यंत तीव्र रक्तार्बुद झालेली मुले काही आठवड्यांत वा महिन्यांत मरण पावत. त्या वर्षी बॉस्टन येथे सिडनी फार्बर यांनी फॉलिक अम्लाच्या कार्याला विरोध करणारे ॲमिनॉप्टेरीन हे औषध १६ मुलांना दिले व त्यांपैकी १० जणांत रोग तात्पुरता ओसरला. हे औषध लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखालील गटाने तयार केले होते. पुढे अनेक औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीने रोग कायमचा बरा होऊ लागला. टी-प्रकारातील रुग्णांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात अधिक असल्याचे आढळले आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि दिल्ली व चेन्नई येथील केंद्रे यांनी १९८० नंतरच्या दशकात एक समान उपचारक्रम स्वीकारला व त्यामुळे बरे होणाऱ्या मुलांचे प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले.

टी-कोशिकांवरच परिणाम करणाऱ्या एका औषधाचा उगम दुर्मीळ आनुवंशिक विकारात आहे. १९७५ मध्ये सिॲटल येथे एलोइस गिब्लेट व सहकाऱ्यांनी प्यूरिनांचे विघटन करणाऱ्या एका एंझाइमाचा अभाव असलेल्या मुलीचे वर्णन केले. तिच्या बी-कोशिका ठीक होत्या. टी-कोशिका मात्र निकामी होत्या. डीएनएचा एक घटक साचल्यास टी-कोशिका विशेषत्वाने मरतात, असे यातून कळले. त्या घटकाशी साम्य असलेले नेलाराबीन हे औषध २००५ मध्ये अमेरिकेत संमत झाले. नॉच प्रथिन चिरणाऱ्या एंझाइमाला रोखणारी औषधे मात्र प्रारंभी निराशाजनक ठरली, कारण आतड्याच्या अस्तरालाही नॉचची गरज असते व रुग्णांना तीव्र अतिसार होत असे.

संपन्न देशांत आता या रोगाची ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. परंतु रोग उलटल्यास तो आटोक्यात आणणे अवघड असते. बी-कोशिकांच्या रक्तार्बुदावर रुग्णाच्याच टी-कोशिकांत बदल करून त्यांच्याकरवी रोगी कोशिका मारण्याचा उपचार यशस्वी झाला आहे. टी-प्रकारात मारणारी व मरणारी कोशिका एकाच वंशाची असल्याने अशा कोशिका एकमेकींनाच मारतात. त्यावर मार्ग म्हणून दात्याच्या टी-कोशिकांच्या डीएनएतील एकेक घटक बदलून त्या परस्परांना ओळखणार नाहीत अशी योजना लंडन येथे करण्यात आली. इतर सर्व उपचार निष्फळ ठरलेल्या एका १३ वर्षांच्या मुलीला २०२२ मध्ये त्या देण्यात आल्या. २८ दिवसांत रोग ओसरला व त्यानंतर तिच्यात अस्थिमज्जा प्रतिरोपण करणे शक्य झाले. हा उपचार अद्याप प्रायोगिक अवस्थेत असून त्याचे दीर्घकालीन परिणाम अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतरच निश्चित होतील.